कागदावरचे १६१३ आणि ताटातले १६००

"ताई, माझ्या मिस्टरांना आठ महिन्यांपूर्वी मोटर न्यूरॉन डिसीज निघाला, स्नायू चालवणाऱ्या नसा मरत जातात तो आजार. वय ५६, उंची १६८ सेंटिमीटर. आजाराआधी वजन ६८ किलो होतं. दोन महिन्यांपूर्वी इथे एका ठिकाणी तोंडावर मास्क लावून त्यांच्या शरीराला किती कॅलरी लागतात ते मोजलं, १२९० आलं. पंधरा दिवसांनी मुलाने त्याच्या गावी नेऊन, डोक्यावर पारदर्शक टोप ठेवून पुन्हा मोजून घेतलं, तिथे १६१३ आलं. तेव्हा वजन ६१ होतं. आम्ही मोठा आकडा धरला. वहीत लिहून लिहून रोज १६०० कॅलरी भरवून राहिली मी, तरी पाच आठवड्यांत दीड किलो उतरले. मशीन खोटं की मी खोटी? नणंदबाई तर तोंडावर म्हणाल्या, 'तुझ्या हातचं त्याच्या अंगीच लागत नाही.' आता पाणी पिताना ठसकाही लागतो. डॉक्टर पोटातून नळी टाकायचं बोलून राहिले, घरचे म्हणतात नळी म्हणजे शेवट. मुंबईला नेऊन पुन्हा एकदा मोजून आणू का?"

— एक वाचक, मानेवाडा, नागपूर (पत्रातला काही भाग)

वहिनी,

तुमच्या पत्रासोबत आलेला रिपोर्टचा फोटो मी दोनदा पाहिला. १६१३ हा आकडा मला खरा वाटतो. तुमच्या वहीतले १६०० देखील खरे असतील. घोळ आहे तो रिपोर्टच्या मथळ्यातल्या एका शब्दाचा. तिथे 'रेस्टिंग' असं छापलंय आणि तो शब्द तुम्हाला कुणी बसून समजावलेला दिसत नाही.

ही तपासणी माणूस जागा, पण निपचित पडलेला असताना करतात. पोट रिकामं, हात-पाय स्थिर, बोलणं बंद. अशा अवस्थेत हृदय, फुप्फुसं, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं चालू ठेवायला आणि अंग उबदार राखायला जेवढी ऊर्जा खर्च होते, तेवढीच मोजली जाते. व्हरायटी चौकात सिग्नलला उभी असलेली स्कूटर नुसती सुरू राहायला जेवढं पेट्रोल खाते, तसं समजा. तेवढ्या पेट्रोलवर बर्डीहून मानेवाड्याला पोचता येत नाही. भाऊ सकाळी उठतात, भिंतीला धरून बाथरूमला जातात, खुर्चीत बसून मान सावरतात, घासभर भात गिळायला आपल्या दुप्पट मेहनत घेतात. खाल्लेलं पचवायलाही ऊर्जा लागते. हे सगळं १६१३ च्या वर आहे.

घरातल्या घरात थोडंफार हिंडणाऱ्या माणसासाठी आम्ही आहारतज्ज्ञ साधारणपणे त्या आकड्याला १.२ ते १.३ ने गुणतो. मधला १.२५ धरला तर २०१६ येतात. म्हणजे रोज चारशेच्या आसपास कॅलरी कमी पडत होत्या. पाच आठवड्यांत त्या १४००० होतात. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, त्या हिशेबाने सुमारे पावणेदोन किलो उतरायला हवे होते. तुमचा काटा दीड सांगतो. इतक्या ढोबळ गणितात याहून जवळचा मेळ मी कधी पाहिला नाही. मशीन, काटा आणि तुमची वही, तिघांची साक्ष एकच आहे.

आता १२९० चं काय झालं ते सांगते, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटली. तो आकडा धरून कुणी ताट ठरवलं असतं, तर आज वजन याहून खाली असतं.

या मशीनला कॅलरी दिसत नाहीत. त्याला दिसते ती हवा. माणसाने किती ऑक्सिजन वापरला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला हे मोजायचं आणि त्यावरून आत किती इंधन जळलं ते काढायचं. म्हणून तर याला इनडायरेक्ट, म्हणजे आडवळणाची, कॅलोरिमेट्री म्हणतात. त्याचं सूत्र वीअर नावाच्या शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये मांडलं आणि आजची मशीनंही तेच वापरतात. तुमच्या दुसऱ्या रिपोर्टवर मिनिटाला २३० मिलिलिटर ऑक्सिजन आणि १९३ मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड लिहिलाय. लिटरमधल्या ऑक्सिजनला ३.९४१ ने गुणा, कार्बन डायऑक्साइडला १.१०६ ने, दोन्हींची बेरीज करा आणि दिवसाच्या १४४० मिनिटांनी गुणा. १६१३ येतात. मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, तुमचा मुलगाही करू शकेल.

सगळा खेळ श्वासाचा असल्यामुळे श्वास निसटला की हिशेबही निसटतो. भाऊंचे ओठ आणि गाल कमजोर झालेत हे तुम्हीच लिहिलंय, चहा ओठांच्या कोपऱ्यातून ओघळतो म्हणून. अशा चेहऱ्यावर मास्क घट्ट बसत नाही. कडेने हवा गळते, मशीनपर्यंत कमी पोचते आणि आकडा खाली येतो. तोंडात नळी धरून नाकाला चिमटा लावायची पद्धत तर या आजारात त्याहून बेभरवशाची. डोक्यावर टोप ठेवला की ओठ मिटले काय आणि उघडे राहिले काय, सगळा श्वास टोपातच राहतो. मास्क लावणाऱ्यांनी मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही. धडधाकट माणसावर तोच मास्क चोख काम करतो.

टोपाचा आकडा तरी डोळे मिटून घ्यावा का? नाही. मीही त्या रिपोर्टवर तीन गोष्टी शोधल्या. एक म्हणजे 'आरक्यू', सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन. नुसती चरबी जळत असेल तर ते ०.७ च्या आसपास असतं, नुसते पिष्ट पदार्थ जळत असतील तर १. भाऊंचं ०.८४ आहे. रात्रभर उपाशी राहिलेल्या माणसाला शोभेलसंच. हे एकच्या वर गेलं असतं तर मी म्हटलं असतं की भाऊ घाबरून भराभर श्वास टाकत होते किंवा कुणीतरी सकाळी बिस्किटं चारली होती. दुसरं, सुरुवातीची पाच मिनिटं त्यांनी हिशेबातून काढून टाकलीत, तसं करायलाच हवं. तिसरं, नंतरचे आकडे वरखाली न होता स्थिरावलेत. आणि तुम्ही लिहिलंय की भाऊंना सपाट झोपवल्यावर दम लागला म्हणून त्या मुलीने पाठीमागे दोन उशा दिल्या. शाबास तिला. या आजारात श्वासपटल, म्हणजे छातीखालचा श्वास ओढणारा स्नायू, कमजोर झालेलं असू शकतं. सपाट झोपवून मोजलं असतं तर श्वासाच्या धडपडीचाच खर्च वाढला असता आणि आकडा फुगला असता.

तुम्हाला आणखी एक प्रश्न पडला असेल, तुम्ही विचारला नाही एवढंच. मशीन नसतं तर? आपल्या भागातल्या बहुतेक रुग्णांसाठी ते नसतंच. मग आम्ही वय, उंची, वजन घालून सूत्र वापरतो. हॅरिस आणि बेनेडिक्ट यांचं सूत्र १९१९ चं, मिफ्लिन आणि सेंट जेओर यांचं १९९० चं. भाऊंचे आकडे घातले तर पहिल्याने १३६७ येतात, दुसऱ्याने १३८५. दोन्ही सूत्रं चांगलीच आहेत, पण ती या आजाराचे रुग्ण समोर ठेवून बनलेली नाहीत. सूत्राला फक्त काट्यावरचे किलो कळतात. त्या किलोंत स्नायू किती आणि चरबी किती हे त्याला दिसत नाही आणि या आजारात नेमकं तेच बदलत असतं. एस्पेन ही युरोपातली पोषणतज्ज्ञांची संस्था. तिच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सोपा तोडगा दिलाय: मशीन नसेल तर स्वतःहून श्वास घेणाऱ्या एएलएसच्या रुग्णाला किलोमागे सुमारे ३० कॅलरी धरा, हालचालीप्रमाणे आणि वजनाच्या कलाप्रमाणे बदला. एएलएस हा मोटर न्यूरॉन डिसीजचाच सर्वात जास्त आढळणारा प्रकार. ६१ किलोला १८३० होतात. हाही निव्वळ आडाखाच, पण १६०० पेक्षा तो भाऊंच्या गरजेच्या जवळ होता.

आता नणंदबाईंकडे वळू.

सूत्राने सांगितलेले १३८५ आणि मशीनने मोजलेले १६१३, यांत १६ टक्क्यांचं अंतर आहे. मोजलेला खर्च अपेक्षेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त भरला, तर त्याला हायपरमेटाबॉलिझम म्हणायची रीत आहे. आपण आपलं 'आच मोठी' म्हणू. स्नायू गळतायत, माणूस खुर्चीला खिळत चाललाय, तेव्हा खर्च कमी व्हावा असं कुणालाही वाटेल. अनेक रुग्णांत उलट होतं. काही अभ्यासांत जवळजवळ निम्म्या रुग्णांची आच अशी मोठी निघाली, काहींत त्याहून कमी जणांची. एकच कारण ठरलेलं नाही. श्वासाला लागणारी जास्तीची मेहनत, कातडीखाली सतत चालणारी स्नायूंची फडफड, पेशींच्या आत इंधन जाळण्याच्या व्यवस्थेतला बिघाड, असे संशयित बरेच आहेत. तुमच्या पत्रात 'रात्री दंड नुसता उडत राहतो' असं वाक्य आहे, ते वाचताना मी थांबले होते.

तर नणंदबाईंना सांगा, खरंच अंगी लागत नाही. त्या म्हणतात ते शब्दशः बरोबर आहे, पण तो दोष स्वयंपाक करणाऱ्या हाताकडे जात नाही. मोठ्या आचेवर ठेवलेल्या पातेल्यातलं पाणी आटतं, तेव्हा पाणी ओतणाऱ्याला कुणी बोल लावत नाही. त्या ऐकणार नसतील तर रिपोर्टवर ते दोन आकडे लाल पेनने गोल करून फ्रिजवर लावा. आपल्याकडे माणसाच्या बोलण्यापेक्षा छापील कागदाला मान जास्त, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ द्या.

ताटाकडे येण्याआधी वहीबद्दल एक विचारते, रागावू नका. १६०० लिहिता ते ताटात वाढलेले की पोटात गेलेले? जेवायला पाऊण तास लागतो, शेवटचे चार घास नको म्हणतात, अर्धी वाटी वरण शर्टावर जातं. उरलेलं वजा करून लिहायला लागा. चारशेची तूट कदाचित पाचशेची निघेल.

जास्तीच्या चारशे कॅलरी घासांची संख्या वाढवून जाणार नाहीत. भाऊ दमतात. घास तेवढेच ठेवा, त्यांचं मोल वाढवा. आपण वैदर्भीय लोक इथे नशीबवान आहोत. डाळीच्या पिठाचे गोळे घातलेल्या गोळाभातावर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल ओतून खायची पद्धत आपली आहे, त्यासाठी कुणा परदेशी तज्ज्ञाची परवानगी लागत नाही. चमचाभर तेलात ४५ कॅलरी असतात. मऊ भात, तुरीचं घट्ट वरण, त्यात गोळा बारीक कुस्करून आणि वरून दोन चमचे फोडणीचं तेल, बसल्या जागी नव्वद वाढल्या. फक्त मोहरी गाळून घ्या, तिचा एक दाणाही घशात अडकून ठसका लागू शकतो. दुधात दुधाची पावडर घाला, दही सायीचं लावा, केळं तुपात परतून कुस्करा. तुम्ही लिहिलंय की आजार निघाल्यावर घरात तेल-तूप बंद केलं, 'पथ्य' म्हणून. कोलेस्टेरॉल किंवा साखर वाढलेली असेल तर डॉक्टरांशी बोलून घ्या. तसं काही नसेल तर हे पथ्य आजच मोडा. या आजारात वजन टिकवलेल्या रुग्णांची पुढची वाटचाल बरी असते, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे.

आणि वरणाचं वरचं पाणी देणं थांबवा. आजारी माणसाला वरणाचं पाणी, ताक, संत्र्याचा रस हे आपल्या रक्तातच आहे. त्यात पोट भरतं, कॅलरी मात्र कमी असतात आणि भाऊंच्या बाबतीत ते धोक्याचंही आहे. पातळ द्रव घशात सर्वात वेगाने धावतो आणि चुकून श्वासनलिकेत उतरतो. पाणी पिताना ठसका लागतो हे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. मी ते सर्वात वर लिहिलं असतं. गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे या आठवड्यातच जा. पाणी किती दाट करायचं आणि मान कशी झुकवून गिळायचं ते तिथे प्रत्यक्ष शिकवतात. माझ्या वर सांगितलेल्या पदार्थांतले कोणते चालतील हेही त्यांनाच विचारा, त्यांचा शब्द माझ्यापेक्षा मोठा.

महागडे डबे आणि नारळाच्या तेलाचे फॉरवर्ड तुमच्यापर्यंत पोचले असतीलच. जर्मनीत २०१ रुग्णांवर एक नीटस चाचणी झाली, २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना रोज सुमारे ४०० कॅलरी निव्वळ स्निग्ध पदार्थातून जास्तीच्या दिल्या, निम्म्यांना तसंच दिसणारं, पण कॅलरी नसलेलं पेय. सगळे रुग्ण मिळून पाहिलं तर आयुर्मानात ठळक फरक दिसला नाही. ज्यांचा आजार वेगाने वाढत होता त्यांच्यात मात्र फायदा दिसला. यावरून चमत्कार विकणाऱ्याला चार हात लांब ठेवा, पण तूप चोरून वाढायचीही गरज नाही. एकदम चारशेवर उडी न मारता आधी दोनशे वाढवा, पोट बिघडत नाही ना पाहा, आठवड्याने पुढचे दोनशे.

नळीबद्दल. 'नळी म्हणजे शेवट' ही समजूत नाकातल्या राईल्स ट्यूबवरून आलेली आहे. ती आपण आयसीयूत पाहतो आणि तिथली माणसं पुष्कळदा परत येत नाहीत. पोटातून टाकतात ती पेग वेगळी. शर्टाखाली झाकली जाते, तोंडाने जे सुरक्षित खाता येतं ते चालूच राहतं, राहिलेलं नळीतून जातं. जेवणाचा तो पाऊण तासाचा झगडा संपतो. औषधं आणि पाणी द्यायचा प्रश्न सुटतो. यात वेळ महत्त्वाची. नळी टाकताना फुप्फुसांत थोडी ताकद शिल्लक असावी लागते. फुंकून मोजतात ती श्वासक्षमता, एफव्हीसी, अपेक्षेच्या ५० टक्क्यांच्या खाली जायच्या आत हे उरकणं बरं, असं डॉक्टर मानतात. आणि वजन दहा टक्के उतरलं की हा विषय काढायचाच. ६८ वरून ५९.५ म्हणजे साडेबारा टक्के. तुमच्या डॉक्टरांनी घाई केली असं मला वाटत नाही. पुढच्या भेटीत एफव्हीसी किती आहे ते विचारा. आणि भाऊंना काय हवं ते भाऊंनाच विचारा. सात ओळीत घरचे सगळे काय म्हणतात ते तुम्ही लिहिलंय, त्यांचं स्वतःचं मत पत्रात कुठेच सापडलं नाही.

मुंबईला आत्ता जाऊ नका. तुमच्याकडे एक चांगलं मोजमाप आहे, त्यावर ताट बेतलेलंच नाही अजून. आधी तेवढं करून पाहा. पुन्हा मोजायची वेळ येईल ती काही मोठं बदललं तर, म्हणजे बायपॅप, मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन, सुरू झालं किंवा नळीचा आहार सुरू करूनही वजन हलत नसेल तर. बायपॅपने श्वासाची मेहनत वाचते आणि खर्चही थोडा उतरू शकतो, तेव्हा जुना आकडा जुना होतो. एस्पेननेही त्या रुग्णांसाठी किलोमागे २५ ते ३० असा खालचा पट्टा दिलाय. पुढेमागे मोजायला गेलात तर आधी फोन करून विचारा, टोप आहे का आणि पाठ उंच ठेवून मोजतात का. रात्रीनंतर काही खाऊ नये, सकाळचा चहाही नको. मे महिन्यात ४५ डिग्रीतून ऑटोने जाऊन थेट एसीखाली झोपवू नका. अर्धा तास शांत पडू द्या, अंगावर पातळ चादर असू द्या. कुडकुडलं तरी आकडा वाढतो.

तोवर तुमचं मशीन म्हणजे घरचा काटा. तुम्ही लिहिलंय, आता त्यांना काट्यावर एकट्याने उभं राहता येत नाही, मुलगा धरतो. धरलं की वजन चुकतं, मुलाच्या हाताने अर्धा किलो सहज उचलला जातो. कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानात पोती मोजायचा सपाट काटा असतो. दर दुसऱ्या रविवारी सकाळी, नाश्त्याआधी, व्हीलचेअरसकट त्यांना त्यावर चढवा, मग रिकामी खुर्ची मोजून वजा करा. दुकानदार एकदा विचित्र बघेल, दुसऱ्यांदा स्वतःच फळी लावून देईल. खुर्चीचं वजन तिच्या मागच्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, म्हणजे दर वेळी भाऊंना उतरवून बसवावं लागणार नाही. आणि दोन रविवारांनी तो आकडा मला कळवा.